चाळीस ग्रॅमचा फायदा

एका खेपेला चाळीस ग्रॅम. दिवसाच्या आठ खेपा, म्हणजे तीनशे वीस. महिन्याचा हिशेब धरला तर नऊ किलो सहाशे ग्रॅम अन्न, आणि तेही कोणाला पत्ता न लागता. पलंगावर उशीला टेकून ग्रॅमसाहेबांनी हा आकडा तीनदा तपासला. तिन्ही वेळा तो बरोबर आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतरचं पहिलं हसू उमटलं.

ग्रॅमसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे निरीक्षक होते आणि हे नाव बाजारानं त्यांना दिलं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी पारड्याखाली चिकटवलेलं मेण पकडलं होतं, चुंबकं पकडली होती, पोटात पोकळी असलेली वजनं पकडली होती. एका दुकानात तर काट्यावर नेहमी बसून राहणारी मांजर त्यांनी पकडली होती. सहा महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या एकाही आकड्याला कोणी हात लावला नव्हता, आणि तसंच कोऱ्या पाटीनं घरी जायचं एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती.

मध्येच आतड्यानं दगा दिला. वीतभर तुकडा काढून टाकावा लागला. घरी सोडताना सर्जनबाईंनी एक तक्ता हातात ठेवला. मऊ भात, गाळलेलं सूप, साल काढून कुस्करलेला बटाटा, दही. दर दोन तासांनी नव्वद ग्रॅम, प्रत्येक घास तीस वेळा चावून. दोन आठवड्यांनी तपासणी, मग पुढचं बघू.

"नव्वद म्हणजे कच्चं की शिजवून?" ग्रॅमसाहेबांनी विचारलं होतं.

"शिजवून."

"गरम असताना तोलायचं की निवल्यावर? वाफेत दोन-तीन ग्रॅम उडतात."

"अंदाजे हो," सर्जनबाई म्हणाल्या. "चार घास जास्त नाही, एवढंच."

अंदाजे हा शब्द ऐकून ग्रॅमसाहेबांना टाक्यांपेक्षा जास्त वेदना झाल्या. पण त्यांची बायको शेजारीच उभी होती, आणि तिनं तो शब्द ऐकलाच नाही. तिनं फक्त नव्वद ऐकलं.

ऐकणारच. त्या घरात अंदाजानं काही होत नसे. बायको घरीच केक करून आसपासच्या कचेऱ्यांना पुरवायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ग्रॅमसाहेबांनी तिचे मापाचे चमचे आणि कप बोहारणीला देऊन टाकले होते. "चमचा हे माप नव्हे, चमचा ही अफवा आहे," असं ते म्हणाले होते. त्यांच्या जागी आला गोल तबकडीचा स्प्रिंगचा काटा. बटण दाबलं की भांड्याचं वजन आपोआप वजा करणारे नवे काटे त्यांना मान्य नव्हते. "उद्या विचारलं, वजाबाकी कोणी केली, तर बटणाची सही दाखवणार का?" म्हणून घरात तोलायला एकच भांडं, स्टीलचा एक वाडगा. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला: 'वाडगा, रिकामा, १६० ग्रॅम.' खाली तारीख आणि ग्रॅमसाहेबांची सही. मैदा असो, साखर असो, लोणी असो, वाडग्यात घालायचं, काट्यावर ठेवायचं आणि एकशे साठ वजा करायचे. बायकोनं सव्वीस वर्षं हेच केलं होतं. आता त्यात नवऱ्याच्या भाताची भर पडली.

"अगं, काटा जरा पुढे गेला तर आभाळ कोसळणार नाही," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

बायकोनं काटा अडीचशेच्या रेघेवर आणून चमच्यानं भाताची चार शितं परत काढली. "अडीचशेतून एकशे साठ गेले, नव्वद. तुम्हीच शिकवलंय. बाजारात एवढ्याशा शितांसाठी लोकांना कोर्टात खेचता, आणि घरात सूट मागता?"

वाडग्याच्या तळाशी नव्वद ग्रॅम मऊ भात असा पडलेला असे, की कोणी खाऊन उरवलाय असं वाटावं. तीस वेळा चावायचं म्हटलं तर पाचव्या वेळेला तोंडात चावायला काही शिल्लक राहत नसे. उरलेल्या पंचवीस वेळा ग्रॅमसाहेब बायकोकडे बघत नुसतेच दात चालवत. असे चार दिवस त्यांनी काढले. चौथ्या दिवशी दुपारी ओव्हनमधून केकचा वास आला, आणि एकतीस वर्षांची इमानदारी वितळायला लागली.

काट्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं. काट्याशी खेळणारे सगळे पकडले जातात. त्यांनीच पकडले होते. वजनं इथे नव्हतीच. उरलं भांडं. वाडगा चाळीस ग्रॅमनं हलका झाला, तर काटा अडीचशेच दाखवणार आणि पोटात जाणार एकशे तीस. काटा खरा, बायको खरी, कागदावरची सही खरी. खोटा फक्त वाडगा, आणि वाडग्याला कोण विचारतंय?

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलेली वीस मिनिटं चालायला ते बाहेर पडले ते थेट भांड्यांच्या दुकानात शिरले.

"ह्या मापाचा वाडगा दाखवा. असाच काठ, अशीच बैठक. पण पातळ हवा."

"पातळ?" दुकानदारानं चष्मा वर केला. "साहेब, लोक जाड मागतात."

"मला पातळ हवा."

दुकानदारानं अकरा वाडगे मांडले. ग्रॅमसाहेबांनी डोळे मिटून एकेक तळहातावर झेलला. "एकशे पस्तीस. एकशे अठ्ठावीस. हा तर एकशे पन्नासच्याही वर आहे, ठेवून द्या." नववा वाडगा हातात आला आणि त्यांचे डोळे उघडले. "एकशे वीस. बांधा."

दुकानदारानं गंमत म्हणून तो काट्यावर ठेवून पाहिला. एकशे वीस. पुढे आठवडाभर तो ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत होता. नशीब, की ग्रॅमसाहेबांची बायको त्या आठवड्यात भांडी घ्यायला गेली नाही.

जुना वाडगा माळ्यावर गेला, नवा ओट्यावर आला. पहिल्या खेपेला एकशे तीस ग्रॅम भात पोटात गेला तेव्हा ग्रॅमसाहेबांना भरून आलं. बायकोला भात जरा जास्त दिसला का? दिसला. पण काटा अडीचशेवर होता, आणि त्या घरात डोळ्यांपेक्षा काट्याला मान होता.

पोटाचा मात्र काट्यावर विश्वास नव्हता. नुकतंच जोडलेलं आतडं जादा चाळीस ग्रॅमची वर्दी मोठ्यानं द्यायला लागलं. पाणी येण्याआधी नळात हवा खडखडावी, तसा आवाज थेट स्वयंपाकघरापर्यंत जाई.

"नव्वद ग्रॅमला एवढा आवाज?" बायको दारातून विचारी.

"भुकेनं ओरडतंय बिचारं," ग्रॅमसाहेब पोटावरून हात फिरवत म्हणत आणि डाव्या कुशीवर वळत.

वाडगा बदलला त्याच दुपारी ते जेवणाच्या टेबलापाशी बसून तीस वेळा चावत होते, तेव्हा बायकोनं मैद्याचं नवं दहा किलोचं पोतं उघडलं. नवा वाडगा मैद्यात बुडवला आणि काट्यावर ठेवला. तीनशे साठ. "दोनशे," ती पुटपुटली आणि मैदा चाळणीत ओतला. मग त्याच वाडग्यात साखर. मग लोणी.

ग्रॅमसाहेबांच्या घशात भात अडकला असता, पण तो इतका मऊ होता की अडकायला त्याच्यात काही नव्हतंच. मैदा चाळीसनं जास्त, साखर चाळीसनं जास्त, लोणी चाळीसनं जास्त. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात आली नाही? त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना समोरचा वाडगा दिसला आणि त्यांनी ते तोंड दुसऱ्या कामाला लावलं. शेवटी कमी देणं हा गुन्हा आहे. जास्त देणाऱ्याला दंड करणारं कलम अख्ख्या कायद्यात नाही. गिऱ्हाइकांच्या पोटात चार घास जास्त जातील, एवढंच.

केक साच्याच्या बाहेर डोकं काढायला लागले. बायकोनं ओव्हनला दोष दिला आणि कडा सुरीनं छाटायला सुरुवात केली. दोन आठवडे संपत आले, तशी दुसरीच धास्ती उभी राहिली. तपासणी. तिथे वजन करतात, आणि तो काटा ग्रॅमसाहेबांच्या ताब्यातला नव्हता. नव्वदच्या खुराकावर माणूस किती उतरायला हवा याचा अंदाज त्यांना होता, आणि सर्जनबाईंना तर नक्कीच असणार. बायको दुकानात गेली असताना त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि तपासणी दोन आठवडे पुढे ढकलली.

"डॉक्टरबाई सुट्टीवर आहेत," संध्याकाळी ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी बोलावलंय."

"मग तोवर?"

"तोवर काय? आहे तेच चालू."

"बरं झालं विचारलं," बायको म्हणाली आणि काटा अडीचशेवर आणला.

ते पंधरा दिवस उलटत आले तेव्हा मैद्याचं पोतं संपलं. बायकोनं वही काढली. दहा किलोत पन्नास केक व्हायचे, गेली कित्येक वर्षं पन्नासच होत आले होते. ह्या वेळी एक्केचाळिसाव्या केकनंतर पोतं उलटं करून झटकावं लागलं. तिनं नवं पोतं आणवलं आणि फोडायच्या आधी पदर खोचला. वाडग्यामागून वाडगा मैदा तोलून डब्यात ओतला. भरले एक्केचाळीस वाडगे आणि वर थोडा चुरा. बेरीज आली आठ किलो तीनशे वीस.

"एक किलो सहाशे ऐंशी ग्रॅमचा दरोडा!" ती म्हणाली. तिच्या आवाजात संतापाबरोबर थोडा आनंदही होता. निरीक्षकाच्या बायकोला असं घबाड रोज सापडत नाही. "अहो, तुम्ही आजारी पडलात आणि किराणावाल्याला रान मोकळं मिळालं!"

"अगं, मोजण्यात काही—"

"मोजण्यात? तुमच्या काट्यावर? तुमच्या वाडग्यानं?"

ग्रॅमसाहेबांनी पोटावर हात दाबला. पोट मात्र बोललं.

बायको डबा, काटा, वाडगा आणि कपाटावरचा तो सहीचा कागद असा सगळा पुरावा हातगाडीवर घालून दुकानात गेली. किराणावाल्यानं डब्यातला मैदा आपल्या काट्यावर घेतला. बरोबर दहा किलो. "म्हणजे तुमचा काटाही खोटा," ती म्हणाली आणि तिथूनच तिनं वजनमापे कचेरीला फोन केला. कचेरीतून आल्या त्या ग्रॅमसाहेबांच्या हाताखाली बारा वर्षं तयार झालेल्या निरीक्षकबाई. प्रमाण वजनांची पेटी घेऊन त्यांनी आधी दुकानाचा काटा तपासला. एक ग्रॅमचाही फरक नाही. मग घरचा काटा तपासला. तोही चोख. मग त्यांनी वाडगाभर मैदा घेतला. घरच्या काट्यावर तीनशे साठ, दुकानाच्या काट्यावर तीनशे साठ. वाडग्याचे एकशे साठ गेले, राहिले दोनशे. तोच मैदा कागदी पिशवीत ओतून दुकानाच्या काट्यावर ठेवला, तर दोनशे चाळीस.

"वाडग्यात दोनशे आणि पिशवीत दोनशे चाळीस?" निरीक्षकबाईंनी कपाळाचा घाम पुसला. "मैदा आहे की काय आहे हे?"

"बाई, तो वाडगाच एकदा..." किराणावाला चाचरत म्हणाला.

"गप्प बसा!" निरीक्षकबाईंनी सहीचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. "हा सरांच्या हातचा आकडा आहे. सरांचा आकडा तपासायचा? उद्या म्हणाल सूर्य तपासा."

आणि त्यांनी सरांनाच बोलावणं पाठवलं.

ग्रॅमसाहेब पोट धरून हळूहळू दुकानात आले तेव्हा बघ्यांनी रस्ता अडला होता. त्यांना पोत्यांवर चादर घालून बसवण्यात आलं. बायको विजयी चेहऱ्यानं उभी होती. किराणावाल्याचा चेहरा त्याच्याच मैद्यासारखा झाला होता.

"सर, डोकं चालेनासं झालंय," निरीक्षकबाई म्हणाल्या. "काटा आत्ता बरोबर दाखवतोय, पण ह्यानं काहीतरी हातचलाखी केलीय हे नक्की. मी पंचनाम्यात 'संशयास्पद' लिहिलंय. चौकशी होईपर्यंत परवाना थांबवू. तुम्ही तज्ज्ञ म्हणून खाली फक्त सही करा."

"साहेब," किराणावाला पुढे आला. "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला धरलंत. चुंबक होतं, माझीच चूक होती, मी कबूल केलं. त्यानंतर एक ग्रॅम इकडचा तिकडे केला असेल तर हे दुकान आगीत जाऊ दे. तुम्हीच शिकवलंत मला. आता तुम्हीच सांगा, मी चोर आहे का?"

पेन ग्रॅमसाहेबांच्या हातात होतं. एकतीस वर्षांत ते सहीला कधी थांबले नव्हते. सही केली, तर कोरी पाटी कोरीच राहणार होती. कोणाला काही कळणार नव्हतं, आणि पाऊण तासानं एकशे तीस ग्रॅमची पुढची खेप होती. तेवढ्यात त्यांचं पोट असं कडाडलं, की पुढच्या रांगेतला एक बघ्या दोन पावलं मागे सरकला.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वाडगा रिकामा करून तोला."

"सर, तो तुम्ही तोललेला आहे."

"म्हणूनच सांगतोय."

निरीक्षकबाईंनी वाडगा पुसला आणि काट्यावर ठेवला. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. "एकशे वीस."

बायकोनं वाडगा उचलला. उलटा केला, सुलटा केला, नखानं वाजवला. "हा आपला नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"घरी आल्याच्या पाचव्या दिवसापासून."

बायकोला सगळा हिशेब लागायला तेवढाच वेळ लागला, जेवढा अडीचशेतून एकशे वीस वजा करायला लागतो. "एकशे तीस!" ती म्हणाली. "आणि मी रोज रात्री झोपताना म्हणायची, माणूस नव्वदवर राहतोय, तक्रार नाही, काही नाही! शेजारणींना सांगितलं मी! आणि ह्या भल्या माणसाला भर बाजारात दरोडेखोर म्हटलं!"

"वहिनी, जाऊ द्या," किराणावाला म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. नऊ वर्षांचं साठलेलं हसू होतं ते. "पण साहेब, चुंबकापेक्षा हे भारी. मला सुचलं नसतं."

निरीक्षकबाई पंचनाम्याकडे बघत होत्या. "सर, आरोपीच्या रकान्यात कोणाचं नाव घालू?"

"माझं."

"आणि अपहार कशाचा?"

ग्रॅमसाहेबांनी खाली बघितलं. "मऊ भाताचा. कधीकधी बटाट्याचा."

"असा रकाना फॉर्मात नाही, सर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागदाच्या चार घड्या करून पेटीत टाकला.

घरी येताच बायको स्टुलावर चढली. माळ्यावरून जुना वाडगा काढला, त्यात नव्वद ग्रॅम भात तोलला आणि समोर आपटला. रात्रीचे केक तिनं त्याच वाडग्यानं केले. सकाळी ते कचेऱ्यांत पोचते केले आणि नवऱ्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

"या, या," सर्जनबाई म्हणाल्या. "आहात कुठे? दोन आठवडे मी वाट बघतेय."

"तुम्ही सुट्टीवर होतात ना?" बायकोनं विचारलं.

"मी? मला कोण सुट्टी देतंय?"

बायकोनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघितलं. मग ग्रॅमसाहेबांना काट्यावर उभं केलं. आकडा बघून सर्जनबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन किलो कमी. बाई, खायला देता की नाही ह्यांना? किती चाललंय?"

"एकशे तीस," बायको दात आवळून म्हणाली. "चोरून."

"चोरून? आणि एवढंच?" सर्जनबाईंनी वही पुढे ओढली. "नव्वद पहिले दोन आठवडेच होतं. वेळेवर आला असतात तर त्याच दिवशी एकशे ऐंशी करून दिलं असतं. टोस्ट, उकडलेलं अंडं, शिजवलेलं गाजर, सगळं चालू झालं असतं. आणि काटा आता ठेवून द्या. सावकाश खायचं, पोट नको म्हणालं की थांबायचं."

बाहेरच्या बाकावर ग्रॅमसाहेब बोटं मोजत बसले. बायकोचा फोन वाजला. एका कचेरीतून होता. आजचा केक एवढासा का, असं ते लोक विचारत होते. मधले दिवस यायचा तसा भरीवच पाठवा, आणि आठवड्याला दोनच्या ऐवजी चार. तो ठेवते न ठेवते तोच दुसऱ्या कचेरीचा आला. तिसरा तिनं स्वतः किराणावाल्याला लावला. "भाऊ, कालचं मनावर घेऊ नका. उद्यापासून पोती दोन पाठवा. आणि त्या निरीक्षकबाईंसाठी एक केक तुमच्या दुकानात ठेवून जाते." फोन ठेवून तिनं विचारलं, "काय बोटं मोजताय मघापासून?"

"पहिले दहा दिवस, रोज तीनशे वीस," ग्रॅमसाहेब म्हणाले. "तीन किलो दोनशे मिळवले. पुढचे चौदा दिवस हक्काचं एकशे ऐंशी सोडून एकशे तीसच खाल्लं. आठ खेपा, खेपेला पन्नास. पाच किलो सहाशे गेले."

"म्हणजे?"

गिऱ्हाइकांना भरीव केक मिळाले होते, बायकोची मागणी दुप्पट झाली होती, किराणावाल्याचं एक पोतं वाढलं होतं, निरीक्षकबाईंना केक मिळणार होता. ग्रॅमसाहेबांनी पुन्हा एकदा बोटांवरून अंगठा फिरवला, पण आकडा हलला नाही.

"दोन किलो चारशे," ते म्हणाले. "माझ्याच पोटातून."